पाण्यातून पहिला, रस्त्यावर मागे

भालकी-औराद भागातल्या खेड्यांत पोहायला शिकवत नाहीत, ढकलतात. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर ट्रकची जुनी ट्यूब असते, काठावर काका-मामा उभे असतात आणि पोरगा पायरीला घट्ट धरून ‘नको, नको’ करत असतानाच मागून हात येतो. दोन गटांगळ्या, नाकात पाणी, वर हशा. आठ-दहा दिवसांत भोपळा सुटतो. सुट्टी संपेपर्यंत तोच पोरगा थारोळ्यावरून मुटका मारायला लागतो. मोट जाऊन जमाना झाला, थारोळी तेवढी उड्या मारायला उरली. पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाला ढकलायला तोच काठावर उभा असतो. विहीर चार परस खोल की पाच, तळ लागतो की नाही, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या या मराठी पट्ट्यात, म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण आणि इकडे आळंदकडे, ‘मला पव्हता येतं’ हे काही मिरवून सांगायचे वाक्य नाही. सायकल येते, झाडावर चढता येते, तसेच पोहता येते. (मुलींना मात्र ढकलण्याचा हा मानही क्वचितच मिळतो.) याच वेळी पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत पस्तिशी-चाळिशीची माणसे पैसे भरून, गॉगल लावून, तलावाच्या उथळ कोपऱ्यात तोंड पाण्याखाली घालायला शिकत असतात. त्यांना ट्रायथलॉन करायची असते. सायकल त्यांनी घेतलेली असते, महागडे बूट घेतलेले असतात, दहा-वीस किलोमीटर धावूनही झालेले असते. अडलेले असते ते फक्त पाण्यापाशी.

मग विहिरीत वाढलेल्या पोराला या खेळात मोठाच फायदा असणार, असे वाटणे साहजिक आहे. फायदा आहेही. पण तो जिथे वाटतो तिथे नाही.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही एकापाठोपाठ एक, याच क्रमाने, आणि घड्याळ मध्ये कुठेही न थांबवता. ओले कपडे, हेल्मेट, बूट यांची अदलाबदल करायला जो वेळ जातो तोही हिशेबात धरतात. त्याला ट्रान्झिशन म्हणतात. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला, तिथे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. ‘आयर्नमॅन’ या नावाने गाजलेली शर्यत त्याहून कितीतरी लांब. ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर, धावायची. बहुतेक ठिकाणी हे सगळे १७ तासांत उरकावे लागते. तिची निम्मी आवृत्ती १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भारतातली पहिली अर्धी आयर्नमॅन झाली ती हीच.

पोहणे आधी का, याचे उत्तर साधे आहे. थकलेला माणूस सायकलवरून उतरून कडेला बसू शकतो, धावता धावता चालू लागू शकतो. खोल पाण्यात दमलेल्याला बसायला जागा नसते. गंमत म्हणजे या खेळाची आधुनिक सुरुवात झाली तेव्हा हे शहाणपण अजून आले नव्हते. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरी मिशन बे इथे ४६ जण जमले आणि त्यांनी आधी धावून, मग सायकल चालवून, शेवटी पाण्यात उड्या घेतल्या.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचा अमेरिकी नौदलातला अधिकारी होता. पुढे त्याची बदली हवाईला झाली. तिथे धावणाऱ्यांचा एक क्लब होता, पोहणाऱ्यांचा एक होता, आणि खरा दमदार खेळाडू कोण यावर त्यांचा वाद रंगायचा. कॉलिन्सने त्यात सायकलवाल्यांनाही ओढले आणि बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकमेकींना जोडून टाकल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. पहिला आला गॉर्डन हॉलर, ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत. दुसरा जॉन डनबार. आता यातली गोम पाहा. पाण्यातून डनबार तासाभरात बाहेर आला होता, हॉलरला तास-वीस मिनिटे लागली. म्हणजे पाण्यात हॉलर वीस मिनिटे मागे होता आणि शेवटच्या रेषेवर चौतीस मिनिटे पुढे. धावणारे की पोहणारे, हा वाद त्या दिवशीच निकालात निघाला असे म्हणायला हरकत नाही. पोहणाऱ्यांनी तो अजून मान्य केलेला नाही, इतकेच.

आकडे मांडले की हे आणखी उघडे पडते. अर्ध्या आयर्नमॅनचे एकूण अंतर ११३ किलोमीटर, त्यात पोहणे १.९ किलोमीटर. पावणेदोन टक्केसुद्धा नाही. वेळेत धरले तरी सहा-साडेसहा तासांच्या शर्यतीतला अर्धा-पाऊण तास. समजा, चांगला पोहणारा १०० मीटरला पावणेदोन मिनिटे घेतो. त्याचे पोहणे साधारण ३३ मिनिटांत आटोपेल. साधा, नवशिका पोहणारा १०० मीटरला अडीच मिनिटे घेईल, त्याला साडेसत्तेचाळीस मिनिटे लागतील. चौदा मिनिटांची आघाडी! पण सायकलवर पहिल्याचा वेग ताशी २७ किलोमीटर आणि दुसऱ्याचा ३० असेल, तर ९० किलोमीटरमध्ये दुसरा वीस मिनिटे परत मिळवतो. अजून धावणे बाकीच आहे. पोहणाऱ्याचे दुःख असे की त्याला ओलांडून जाणारा प्रत्येकजण त्याला दिसतो. दिवसभर लोक मागून येतात आणि पुढे जातात. धावणारा शेवटी ओलांडतो, म्हणून त्याचा दिवस आनंदात जातो.

पाण्यातली आघाडी इतकी लहान का राहते, हे समजायला बिदरमध्ये एक चांगली जागा आहे. शहराच्या कडेला झरणी नरसिंहाचे गुहेतले देऊळ आहे. दर्शनाला जायचे तर सुमारे ३०० मीटर लांबीच्या भुयारातून, छातीइतक्या पाण्यातून चालत जावे लागते. वर वटवाघळे लोंबत असतात, लहान पोरे बापाच्या खांद्यावर असतात. अंगात रग असलेला तरुण इथे घुसून पुढे जायला बघतो, तेव्हा पाणीही तितक्याच जोराने त्याला मागे रेटते. चार पावलांत तो धापा टाकतो. त्याच्या मागून एखादी आजी कुणाचा तरी हात धरून संथपणे चालत येते आणि देवापाशी त्याच्याबरोबरच पोचते.

पाणी हवेपेक्षा जवळजवळ आठशेपट दाट. त्यात वेग वाढवायचा तर लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. दहा टक्के वेग हवा असेल तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. हाच हिशेब उलटा केला की चांगल्या पोहणाऱ्याच्या हाती खरी चावी येते. वेग पाच टक्के कमी केला, तर लागणारी ताकद चौदा टक्क्यांनी उतरते. वरच्या उदाहरणातल्या ३३ मिनिटांत पाच टक्के म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद. एवढी दीड-पावणेदोन मिनिटे सोडून दिली की एक सप्तमांश ताकद कमी लागते, आणि पुढे पाच तास सायकल-धावणे उभे असताना हा सौदा फार स्वस्त आहे. कमजोर पोहणाऱ्याला असा सौदा करताच येत नाही. त्याला दिलेल्या वेळेत बाहेर यायचे असते. १.९ किलोमीटरला १ तास १० मिनिटांची मुदत असते, ती टळली की त्याची सायकल जागेवरच राहते. तो पाण्यातून निघतो तेव्हा दमलेला असतो, घाबरलेला असतो, पाणी प्यालेला असतो. चांगला पोहणारा ताजा निघू शकतो. त्याची खरी आघाडी मिनिटांत मोजायची नसते, नाडीच्या ठोक्यांत मोजायची असते.

हे ज्याला उमगत नाही तो पहिला बाहेर येतो, टाळ्या घेतो आणि मग हरवतो. याची उदाहरणे थेट ऑलिंपिकपर्यंत आहेत. स्लोव्हाकियाचा रिचर्ड वार्गा हा जगातल्या उत्तम पोहणाऱ्या ट्रायथलीटांपैकी एक. लंडन २०१२ आणि रिओ २०१६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या टप्प्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. पदक त्याला एकदाही मिळाले नाही. रिओत त्याच्यामागून निघालेले इंग्लंडचे ब्राउनली बंधू, अॅलिस्टर आणि जॉनी, सुवर्ण आणि रौप्य घेऊन गेले. तरीही वार्गाचे पोहणे वाया गेले असे म्हणता येत नाही. ऑलिंपिकच्या शर्यतीत सायकलवर एकमेकांच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाने चालवायला परवानगी असते. त्यामुळे पाण्यातून निघालेला पहिला जथा एकजुटीने पळतो आणि दुसऱ्या जथ्याला तो सापडत नाही. तिथे चांगले पोहणे हे त्या पहिल्या गाडीचे तिकीट असते. आयर्नमॅन प्रकारात मात्र सायकलवर असा आडोसा घेणे नियमाबाहेर आहे. तिथे ज्याची त्याची हवा ज्याने त्याने कापायची.

दुसरे उदाहरण जास्त आशेचे आहे. इंग्लंडची लुसी चार्ल्स-बार्कली मुळात उघड्या पाण्यातली लांब पल्ल्याची जलतरणपटू. लंडन ऑलिंपिकच्या १० किलोमीटर पोहण्यासाठी तिची निवड होऊ शकली नाही. मग ती ट्रायथलॉनकडे वळली. आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे ती दुसरी आली, २०२२ मध्ये पुन्हा दुसरी. दरवेळी पाण्यातून पुढे निघायची आणि सायकलवर नाहीतर धावताना कुणीतरी तिला गाठायचे. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये हवाईतल्या कोना इथे ती पाण्यातून पहिली निघाली ती शेवटपर्यंत पहिलीच राहिली, ८ तास २४ मिनिटे ३१ सेकंदांत. मधल्या काळात, २०२२ च्या सुरुवातीला, खुब्याच्या हाडाला तडा जाऊन तिला कितीतरी महिने थांबावे लागले होते. हा तपशील मुद्दाम सांगितला, कारण पोहणाऱ्यांच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. तो पुढे येईल.

मराठी माणसांत या वाटेने गेलेले सर्वांत परिचित नाव मिलिंद सोमण यांचे. लोकांना ते मॉडेल आणि नट म्हणून ठाऊक आहेत, पण शिवाजी पार्कात वाढलेला हा मुलगा आधी पोहणारा होता. ऐंशीच्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ते राष्ट्रीय विजेते होते. नंतर पोहणे सुटले, दुसरे आयुष्य सुरू झाले, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, २००४ च्या मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने, ते धावायला लागले. जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीला साडेतीन महिने उरले असताना, त्यांनी झुरिचची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की पोहण्याच्या शर्यती सोडल्यापासून आयर्नमॅनपर्यंत पंचवीसहून जास्त वर्षे गेली होती, आणि त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षे त्यांनी पायांना दिली होती. पाणी अंगात मुरलेलेच होते, पाय घडवावे लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्लोरिडातली ‘अल्ट्रामॅन’ ही त्याहून भयंकर शर्यतही त्यांनी पुरी केली. तीन दिवसांत १० किलोमीटर पोहणे, ४२१ किलोमीटर सायकल आणि ८४ किलोमीटर धावणे. शेवटच्या दिवसाचे धावणे अनवाणी.

त्याच अल्ट्रामॅनमध्ये पुण्याचे कौस्तुभ राडकरही होते. तेही मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू, पोहण्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेलेले. २००८ साली त्यांनी पहिली आयर्नमॅन केली आणि पुढे हा आकडा पंचवीसच्या पलीकडे नेला. आता ते पुण्यात इतरांना तयार करतात. एकदा आयर्नमॅन करून पोटरीवर तिची खूण गोंदवून घेणारे पुष्कळ आहेत. पंचवीस वेळा तीच शिक्षा घेणाऱ्याकडे मात्र सांगण्यासारखे काहीतरी असते.

आणि केवळ मोठ्या वयाच्या हौशी मंडळींचाच हा खेळ राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये उत्तराखंडातल्या हल्द्वानी इथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतली ट्रायथलॉन झाली. तिथे महिलांचे सुवर्ण महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने घेतले, रौप्य महाराष्ट्राच्याच मानसी मोहितेने. ज्या मुलींना विहिरीच्या काठावर बसवून ठेवतात त्यांच्या घरी ही बातमी पोचली पाहिजे.

आता विहिरीकडे परत यायला हवे, कारण विहिरीतले पोहणे आणि शर्यतीतले पोहणे यांत फरक आहे. तीस फूट व्यासाच्या विहिरीत १.९ किलोमीटर पोहायचे म्हणजे शंभराहून जास्त येरझाऱ्या. एवढ्या कुणी घालत नाही. विहीर खोलीची सवय लावते, अंतराची नाही. भीती मोडते, श्वास रोखायला शिकवते, पाण्यात अंग सैल सोडायला शिकवते. पण डोके वर ठेवून, मान इकडून तिकडे हलवत हातावर पोहण्याची जी आपली गावठी तऱ्हा आहे, तिने शंभर-दोनशे मीटरनंतर मान आणि खांदे भरून येतात. डोके वर की पाय खाली, आणि पाय खाली की अंग नांगरासारखे पाण्यात रुतते. तोंड पाण्यात, श्वास एका कुशीला, पाय हलके. एवढा बदल झाला की विहिरीतला पोरगा महिन्याभरात तलावातल्या बाबू लोकांना मागे टाकतो.

एक दिलासा नियमांतच आहे. ट्रायथलॉनमध्ये कसेही पोहायला मुभा असते. फ्रीस्टाइलच पाहिजे असे नाही. बेडकासारखे पोहा, पाठीवर पोहा, दमलात तर बोया किंवा उभी होडी धरून श्वास घ्या. तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही, एवढेच बंधन. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण उगाच धास्तावतात.

दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची. युरोपातल्या थंड पाण्यात सगळे रबरी वेटसूट घालतात. तो ऊब देतो, शिवाय अंगाला वर उचलून धरतो. त्यामुळे ज्याचे पाय बुडतात त्या कमजोर पोहणाऱ्याचा त्यात जास्त फायदा होतो. आयर्नमॅनच्या नियमांत पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर हौशी स्पर्धकाला तो घालून बक्षिसासाठी झुंजता येत नाही. गोव्याचा समुद्र यापेक्षा गरमच असतो. म्हणजे चांगल्या पोहणाऱ्याला आघाडी घ्यायची तर झुरिचपेक्षा मिरामार बरे.

पाण्याची सवय आणखी एका कारणाने मोलाची आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग डॉक्टरांनी एकत्र तपासले. एकूण १३५, त्यातले ९० पोहताना. सगळेच बुडून झाले असे नाही. पुष्कळांचे हृदय आधीच अधू होते. पण गर्दीत, कुणाचा पाय तोंडावर, कुणाचा हात पाठीवर, समोर काही दिसत नाही, अशा वेळी जीव घाबरा होतो आणि हृदयावर ताण येतो. विहिरीत दहा-बारा पोरे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत असतात त्या गोंधळात वाढलेल्याला ही धक्काबुक्की ओळखीची वाटते. तरी चाळिशी ओलांडलेल्याने छातीचा आलेख काढल्याशिवाय उतरू नये, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

उघड्या पाण्यात सरळ जाणे हीही एक विद्या आहे. जलतरण तलावाच्या तळाला काळा पट्टा असतो, विहिरीला चारी बाजूंनी काठ. तळ्यात-समुद्रात काहीच नसते, लांब एक नारिंगी बोया असतो आणि लाटेआड तोही दिसेनासा होतो. सात-आठ हात मारले की मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून दिशा पाहायची, आणि त्याच ओघात श्वास घेऊन तोंड परत पाण्यात. हे जमले नाही तर १.९ किलोमीटरचे सव्वादोन कधी होतात ते कळत नाही. दुसऱ्याच्या पायांमागे अगदी लागून पोहले तर श्रम वाचतात, आणि सायकलवर जे चालत नाही ते पाण्यात राजरोस चालते. जरा जास्त वेगवान माणसाचे पाय निवडायचे, आणि तो सरळ जातोय ना, हे मधूनमधून पाहत राहायचे. आंधळ्याच्या मागे आंधळा गेला तर दोघेही शेवाळात.

सराव कुठे करायचा? कारंजा धरणाचे पाणी समोर पसरलेले दिसते, आळंदकडे अमरजा आहे, गाणगापुरात भीमा-अमरजेचा संगम आहे. मोह होतो. पण धरणात उतरायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते, नदीला भोवरे आणि वाळूचे खड्डे असतात, आणि पोहता येणारेही बुडतात ही म्हण नसली तरी व्हावी इतकी खरी आहे. एकट्याने कधीच नाही, कमरेला दोरीने बांधलेला रंगीत फुगा हवा, काठावर लक्ष ठेवणारा जाणता माणूस हवा. शर्यतीतले पाणी आधी अनुभवायचे तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणारी सागरी जलतरण स्पर्धा आहे. तिथे फक्त पोहणे असते, आणि पोहणाऱ्याला आपण नेमके किती पाण्यात आहोत ते कळते. कोल्हापुरात राजाराम तलावात पोहण्याचा टप्पा असलेली बर्गमन ट्रायथलॉन होते. या भागातल्या माणसाला गोव्याच्या आधी ती सोयीची.

मग राहतात पाय. पोहणाऱ्याचे हृदय आणि फुप्फुसे तयार असतात, हीच खरी अडचण. छाती म्हणते पळ, आणि ती पळवतेही. पण पाण्यात वजन नसते, त्यामुळे हाडांना आणि सांध्यांना जमिनीचा मार सोसायची सवय नसते. दम काही आठवड्यांत येतो, शिरा आणि हाडे पक्की व्हायला महिने लागतात. या फरकातच पायाच्या नळीला, टाचेला, खुब्याला इजा होते. चार्ल्स-बार्कलीचे जे झाले ते जगज्जेतीचे झाले, नव्या माणसाने तर आठवड्याला थोडे थोडेच अंतर वाढवावे आणि मधे चालावे. पोहताना पाय जोरात मारण्याची सवयही इथे महाग पडते. शंभर मीटरच्या शर्यतीत पाय हे इंजिन असते, ट्रायथलॉनमध्ये ते पुढच्या पाच तासांचे सामान असते. अनुभवी ट्रायथलीट पाण्यात पाय नुसते तरंगते ठेवतात.

सायकलवरून उतरून लगेच धावले की पहिली दहा मिनिटे पाय दुसऱ्याचे वाटतात, लाकडाचे. याचा सराव वेगळा करावा लागतो. सायकल संपली की उभ्या उभ्या बूट बदलायचे आणि दोन-तीन किलोमीटर पळायचे. ट्रायथलॉनवाले याला ‘ब्रिक’ म्हणतात.

सायकलीच्या बाबतीत मात्र या भागाचे नशीब चांगले आहे. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, लाल जांभ्याचे, बऱ्यापैकी सपाट. हुमनाबादहून बिदरकडे किंवा कलबुर्गीकडे जाणारा रस्ता पहाटे मोकळा असतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर ट्रक फार, तिकडे न गेलेले बरे. त्रास वाऱ्याचा आणि उन्हाचा. कलबुर्गीचा उन्हाळा धावायला सोडाच, सावलीत बसायलाही जड. सायकल लाखाचीच लागते हा समज शहरी दुकानांनी पसरवला आहे. पहिल्या शर्यतीला ब्रेक चांगले, चाक सरळ आणि बसायची उंची मापाची, एवढे पुरते.

विहिरींचे वेळापत्रक इथे सगळे ठरवते. पावसाळा चांगला झाला तर दसऱ्या-दिवाळीला पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत असते, आणि हेच दिवस शर्यतींचे. संक्रांतीनंतर उपसा वाढतो, शिमग्यापर्यंत खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, चिखलातून बेडूक आणि जुन्या मोटारीचे पाइप दिसू लागतात. ज्या एका-दोन विहिरींना बारमाही पाणी टिकते तिथे सुट्टी लागल्यावर सगळ्या गावची पोरे असतात आणि लांब हात मारायला जागा उरत नाही. तेव्हा पोहणारा आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या गावी जलतरण तलाव गाठतो, आणि बाकीचे दिवस, ऊन चढायच्या आत, पहाटे साडेपाचला हुमनाबादच्या रस्त्यावर सायकल काढतो.